नांगर धरणारे हात



१५ मे हा संत इसिदोर यांचा सण. स्पेनमधील माद्रिद येथे ते दुसऱ्याच्या शेतात मजूर म्हणून राबले. पहाटे मिस्सा, मग नांगर, आणि आपल्या ताटातला घास गरिबाला, असे त्यांचे साधे जीवन. १६२२ साली संत इग्नेशियस व संत फ्रान्सिस झेवियर यांच्याबरोबर ख्रिस्तसभेने या शेतकऱ्यालाही संतपद दिले.

आपल्या वसईतही असे शेतकरी होऊन गेले. पहाटे रहाट हाकायचा, केळी-पानवेली शिंपायच्या, चर्चची घंटा ऐकताच काम थांबवून प्रार्थना म्हणायची. त्यांच्या घामावर आपण शिकलो, नोकरीला लागलो. त्यांच्या थडग्यावर आपण फुले वाहतो. पण त्यांनी राखलेली वाडी विकताना, विहीर बुजवताना आपले मन अडखळते का?

वेदीवरची भाकर जमिनीतून व माणसाच्या कष्टांतून येते. म्हणून प्रत्येक मिस्सामध्ये शेतकऱ्याचे श्रमही देवाला अर्पण होतात. आज मृतांसाठी प्रार्थना करताना आपल्या घरातल्या शेतकऱ्याचे नाव घेऊ या. घरी गेल्यावर त्यांनी लावलेले एखादे झाड मुलांना दाखवू या, आणि ते जपू या. आमेन.