दरवर्षी त्याच सहा कादंबऱ्या

तुम्ही कादंबऱ्या वाचता का, असे ऑक्सफर्डचा तत्त्वज्ञ गिल्बर्ट राईल (1900-1976) याला कोणी तरी विचारले. वाचतो की, दरवर्षी सहाच्या सहा, असे त्याने उत्तर दिल्याचा किस्सा इंग्रजी तत्त्वज्ञानाच्या वर्तुळात अजून सांगितला जातो. सहा म्हणजे जेन ऑस्टिनच्या सहा. पहिली 1811 मध्ये निघाली आणि शेवटच्या दोन लेखिकेच्या मृत्यूनंतर, 1817च्या डिसेंबरात. किश्शाला थोडे तिखटमीठ लागलेले असेल, पण त्यामागची ओढ खरी होती. ‘द कॉन्सेप्ट ऑफ माइंड’ लिहून देकार्तच्या मन-शरीर द्वैतावर घाव घालणारा, ‘माइंड’ नियतकालिकाचे संपादन वीसहून अधिक वर्षे करणारा हा माणूस 1966 मध्ये ऑस्टिनवर एक निबंध लिहितो आणि खेड्यापाड्यांतल्या मुलींची लग्ने जमण्याच्या गोष्टी लिहिणाऱ्या या बाईला थेट नीतिचिंतकांच्या पंगतीत बसवतो. यावर हसणे सोपे आहे. पण त्यातून निघणारा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आयुष्यभर एकाच कादंबरीकाराची संगत धरणे हा केवळ आवडीचा, फार तर चैनीचा भाग, की त्याने माणसाच्या नैतिक समजुतीत खरोखर काही भर पडते? माझे म्हणणे असे की पडू शकते, आणि ती पुन्हा पुन्हा वाचण्यानेच पडते. पहिल्या वाचनात जे हाती लागते ते त्या मानाने किरकोळ असते.

हे पटायला राईलचाच एक भेद उपयोगी पडतो. एखादी गोष्ट खरी आहे हे माहीत असणे वेगळे आणि एखादी गोष्ट करता येणे वेगळे, हे त्याने 1949च्या त्या पुस्तकात बारकाईने मांडले. बुद्धिबळाचे सगळे नियम तोंडपाठ असलेला माणूस खेळायला बसला की हरतो, आणि ज्याला नियम धड सांगता येत नाहीत असा दुसरा सुरेख खेळतो. नीतीकडे आपण बहुतेक वेळा पहिल्या प्रकारचे ज्ञान म्हणून पाहतो. खरे बोलावे, दुर्बळाला दुखवू नये, उपकार विसरू नयेत ही यादी शाळेत पाठ होते, आणि ती एकदा कळल्यावर पुन्हा कळण्यासारखे तिच्यात काही उरत नाही. नीती एवढीच असती तर कोणतीही कादंबरी दुसऱ्यांदा वाचण्याचे नैतिक कारण सापडले नसते. पण रोजच्या जगण्यात माणूस चुकतो तो नियम माहीत नसल्यामुळे फारच क्वचित. समोर जे घडते आहे ते त्या नियमाखाली येते हे वेळेवर दिसत नाही, म्हणून तो चुकतो. आपण बोललो तो विनोद नव्हता, तो एका गरिबाचा अपमान होता, हे दिसायला नजर लागते, आणि नजर माहितीने येत नाही, सरावाने येते.

ऑस्टिनला हे राईलच्या सव्वाशेहून अधिक वर्षे आधी ठाऊक होते. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधली मेरी बेनेट ही पाच बहिणींतली सर्वांत जास्त वाचणारी. ती ग्रंथांतून सुभाषिते टिपून ठेवते, आणि धाकटी बहीण लिडिया घर सोडून पळून गेल्याच्या प्रसंगीही स्त्रीच्या अब्रूबद्दल एक गोळीबंद वाक्य ऐकवते. त्या वाक्यात चूक काही नाही, पण शेजारी बसलेल्या मोठ्या बहिणीला, नायिका एलिझाबेथला, त्या घडीला काय हवे आहे याचा मेरीला पत्ताच नसतो. त्याच कादंबरीतले पाद्री कॉलिन्स महाशय कादंबरी समोर येताच दचकून मागे सरतात, आपण असले काही वाचत नाही असे बजावतात आणि मुलींपुढे जेम्स फोर्डाइसची उपदेशपर प्रवचने काढून बसतात. तीन पाने होण्याआधीच लिडिया मध्ये बोलून त्यांना तोडते. लिडिया उथळ आहे हे खरेच, पण लेखिकेचा टोला तिच्यापेक्षा प्रवचनकाराला अधिक लागतो. नीतीचे नियम ज्याच्या जिभेवर सदैव तयार असतात तोच माणूस या कादंबरीत सर्वांत आंधळा आहे. ‘पर्स्वेजन’मध्ये तर वाचनाचे वेडही ऑस्टिनने सोडलेले नाही. शोकात बुडालेला कॅप्टन बेनविक कविता वाचवाचून दुःख कुरवाळतो, तेव्हा नायिका अ‍ॅन त्याला पद्य कमी करून गद्याची मात्रा वाढवायला सांगते. आणि आपण स्वतः ज्यात कच्चे तेच दुसऱ्याला शिकवतो आहोत, याचे तिला मनात हसूही येते.

आता दुसऱ्या वाचनाकडे येऊ, कारण माझ्या म्हणण्याचा सारा भार तिथे आहे. ‘एमा’मध्ये मिस बेट्स नावाची प्रौढ अविवाहित बाई आहे. पाद्र्याची मुलगी, एके काळी सुस्थितीत वाढलेली, आता म्हाताऱ्या आईबरोबर लहानशा जागेत दिवस काढणारी. ती अखंड बोलते. शेजाऱ्याने पाठवलेली सफरचंदे, आईचा चष्मा, भाचीचे पत्र, सगळे एका दमात. तिच्या बोलण्याची लांबलचक पाने पहिल्यांदा वाचणारा वाचक हटकून चाळत पुढे जातो. बॉक्स हिलच्या सहलीत फ्रँक चर्चिल खेळ काढतो की प्रत्येकाने एक फार हुशारीची गोष्ट सांगावी, किंवा दोन बऱ्यापैकी, नाही तर तीन अगदी कंटाळवाण्या. तीन कंटाळवाण्या मला सहज जमतील, असे मिस बेट्स भाबडेपणाने म्हणते, आणि नायिका एमा पटकन बोलून जाते की अडचण संख्येची आहे, एका वेळी तीनवरच थांबावे लागेल. मिस बेट्सला अर्थ कळायला क्षणभर लागतो. मग ती रागावत नाही, फक्त ओशाळते. परतताना गाडीपाशी तिचा स्नेही नाइटली एमाला फटकारतो. ती तुझ्या बरोबरीची असती तर हे चालून गेले असते, पण ती गरीब आहे, होती त्या स्थितीतून खाली आली आहे आणि म्हातारपणी आणखी खाली जाईल, असा त्याच्या बोलण्याचा आशय. इथपर्यंत वाचक नाइटलीच्या बाजूला असतो आणि एमाला दोष देऊन मोकळा होतो. कादंबरी पुन्हा हातात घेतली की मात्र तो अडकतो. फ्रँक आणि मिस बेट्सची भाची जेन फेअरफॅक्स यांचा गुप्त वाङ्निश्चय आता त्याला ठाऊक असतो, म्हणून मिस बेट्सची ती चाळलेली पाने तो नीट वाचतो, आणि तिथे अर्धी कादंबरी उघडी पडलेली दिसते. वैद्य पेरी घोडागाडी घेणार ही बातमी फ्रँकच्या तोंडून निसटते. ती त्याला कुठून कळली हे सांगता येईना, तेव्हा तो स्वप्नाची सबब पुढे करतो. मिस बेट्स लगेच घोळवून घोळवून सांगते की तसा बेत खरोखर होता, तो आमच्या घराबाहेर फारसा कोणाला ठाऊक नव्हता, आणि जेनला तो माहीत होता. म्हणजे बातमी जेनच्या पत्रांतून गेली. गावातली सर्वांत कंटाळवाणी बाई सरळ खरे सांगत होती, आणि तिचे कोणी ऐकत नव्हते. एमा ऐकत नव्हती, वाचकही ऐकत नव्हता. बॉक्स हिलवर जो दोष त्याने एमाच्या माथी मारला, तो करून तो आधीच मोकळा झालेला होता. हे त्याला कोणी सांगून कळत नाही, पाने उलटताना स्वतःशीच कळते. असा पुरावा प्रवचन देऊ शकत नाही, कारण प्रवचनात आरोपी नेहमी दुसरा कोणी तरी असतो.

मग या सगळ्यात देवधर्म कुठे येतो? ऑस्टिन पाद्र्याची मुलगी. तिचे दोन भाऊ पाद्री झाले, तिच्या नावावर तीन प्रार्थनाही आहेत. रिचर्ड व्हेटली, जो पुढे डब्लिनचा आर्चबिशप झाला, त्याने 1821 मध्ये ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’त तिची स्तुती केली ती अशासाठी की लेखिका ख्रिस्ती आहे, पण धर्म वाचकाच्या गळी उतरवत नाही. राईल उलट टोकाला जातो. तिच्या नायिका आपले पेच धर्मश्रद्धेचा आधार न घेता सोडवतात, पाद्र्याचा सल्ला घ्यावा असे त्यांच्या मनातही येत नाही, असे तो दाखवतो. त्याच्या मते तिची नीती अ‍ॅरिस्टॉटलच्या घराण्यातली आहे, विचारवंत शाफ्ट्सबरीच्या वाटेने आलेली. माणसांचे तारलेले आणि बुडालेले असे दोनच ढीग न घालता एकेका गुणात कोण किती कमी, कोण किती जास्त हे ती तोलते. या दुसऱ्या भागात राईल अगदी बरोबर आहे. ‘पर्स्वेजन’मधली लेडी रसेल अ‍ॅनला चुकीचा सल्ला देते, त्यात अ‍ॅनची आठ वर्षे जातात. तरी लेडी रसेल खलनायिका ठरत नाही, आणि अ‍ॅन अखेरीस म्हणते की सल्ला चुकीचा होता, पण त्या वयात तो मानला हे चुकले नाही. एवढा बारीक निवाडा काळ्या-पांढऱ्याच्या नीतीला झेपत नाही. पहिल्या भागात मात्र राईलने आपल्या निरीश्वर स्वभावाचे थोडे रंगकाम केले असे मला वाटते. ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’त मरणाच्या दारातून परतलेली मेरिअ‍ॅन देवापाशी प्रायश्चित्त करायला आयुष्य मिळाले म्हणून गहिवरते, आणि ‘मॅन्सफील्ड पार्क’मध्ये घरच्या प्रार्थनागृहाची टिंगल करणारी मेरी क्रॉफर्ड तिथेच वाचकाच्या मनातून उतरू लागते. धर्म या कादंबऱ्यांत पायाच्या दगडासारखा आहे. वर दिसत नाही म्हणून नाहीच, असे म्हणता येत नाही.

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत जड आक्षेप समीक्षक जॉर्ज स्टायनरचा. संध्याकाळी गटे वाचणारा माणूस सकाळी आउशवित्झमध्ये कामावर जाऊ शकतो हे विसाव्या शतकाने पाहिले. मग उत्तम साहित्य माणूस घडवते या समजुतीचे काय करायचे? याला सोपे उत्तर नाही, आणि कोणी देत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. एवढे म्हणता येईल की सरावाने क्षमता येते, हमी येत नाही. चांगली नजर असलेला वैद्य विषही घालू शकतो. हाच आक्षेप धर्मग्रंथांनाही तितकाच लागू आहे. ज्ञानेश्वरीचे पारायण वर्षानुवर्षे करून सुनेला छळणारी घरे आपल्याला अपरिचित नाहीत, पण तेवढ्यावरून पारायण निरर्थक ठरवणारा माणूस भक्तीबद्दल फार थोडे जाणतो. ऑस्टिनच्या भक्तांबद्दल तर याहून बोचरा आक्षेप तिच्याच एका वाचकाने घेतला आहे. मानसशास्त्रज्ञ डी. डब्ल्यू. हार्डिंग याने 1940 मध्ये लिहिले की तिला ज्या प्रकारची माणसे आवडत नसत, नेमकी तीच तिची पुस्तके मिटक्या मारत वाचतात. यात तथ्य आहे. चहाच्या पेल्यांवर आणि रुमालांवर छापली गेलेली ‘गोड जेन’ कोणाला आरोपी करत नाही. तिच्या प्रेमात पडलेल्या वाचकाने दर वेळी स्वतःला एलिझाबेथ समजायचे ठरवले आणि कॉलिन्स मात्र शेजारच्या बिऱ्हाडात शोधला, तर वर्षाला सहा काय, साठ कादंबऱ्या वाचूनही तो तिथेच राहील.

आणखी एक मर्यादा मान्यच करावी लागते. ‘मॅन्सफील्ड पार्क’चे वैभव अँटिग्वातल्या मळ्यावर उभे आहे, तिथे राबणारे गुलाम कादंबरीत कुठेही दिसत नाहीत. 1993 मध्ये एडवर्ड सैदने ‘कल्चर अँड इंपीरियलिझम’मध्ये यावर बोट ठेवले. नायिका फॅनी एकदा गुलामांच्या व्यापाराबद्दल विचारते, आणि खोलीत शांतता पसरते. ती शांतता लेखिकेने मुद्दाम ठेवली की तिलाही पुढे जाता आले नाही, यावर वाद चालू आहेत. मला पहिला पक्ष अधिक पटतो, पण त्याने मुद्दा बदलत नाही. जो वाचक फक्त हिलाच वाचेल, त्याची नजर दिवाणखान्यात तीक्ष्ण आणि मळ्यावर मंद राहील. राईलचा किस्सा अक्षरशः खरा असेल, तर सहांवर थांबणे ही त्याची उणीवच म्हटली पाहिजे.

तेव्हा कादंबरीकार धर्मग्रंथाची जागा घेऊ शकतो का? नाही. कादंबरी अभय देत नाही, मरणाच्या वेळी उशाशी ठेवावी असे तिच्यात काही नसते, आणि केलेल्या पापाची क्षमा करण्याचा अधिकार तिला नाही. नाइटली ओरडतो, एमा वाटभर रडते, दुसऱ्या दिवशी सकाळी मिस बेट्सच्या घरी जाते. पुढचे सगळे तिचे तिला निस्तरावे लागते. पण आपण कुठे चुकलो हे नेमक्या त्या ठिकाणी दाखवण्याचे काम कादंबरी ज्या बारकाईने करते, ते फार थोड्या ग्रंथांना जमते, आणि त्यासाठी पुन्हा वाचणाराच वाचक तिला लागतो. ‘एमा’ एकदा वाचून बाजूला ठेवली असेल, तर ती पुन्हा काढा. या खेपेला मिस बेट्स बोलू लागली की पान उलटू नका.