पाषाणातील मळा

जगाचा मोह सुटावा म्हणून जे लोक घरदार टाकून मरुभूमीत निघून गेले, त्यांनी तेथे जाऊन झाडे का लावावीत, हा प्रश्न पूर्वेकडील ख्रिस्ती वैराग्याचा इतिहास वाचताना माझ्या मनात वारंवार उभा राहिला आहे. मनुष्याला हिरवाईवाचून करमत नाही, तेव्हा बाग ही विरक्ताने स्वतःला दिलेली एक लहानशी सवलत होय, असे त्याचे उत्तर सामान्यतः दिले जाते. मला ते मुळीच पटत नाही.

अलेक्झांड्रियाच्या अथनेशियसने लिहिलेल्या संत अँटनीच्या चरित्रात या प्रश्नाचे निराळे उत्तर आहे. इ.स. 356 मध्ये देह ठेवलेला हा इजिप्ती तपस्वी दूरच्या डोंगरात राहत असता, आपल्याला भाकरी पोहोचविण्यासाठी इतरांना एवढी पायपीट पडते हे त्याला सोसेना. म्हणून त्याने कुदळ, कुऱ्हाड आणि थोडे बियाणे मागवून घेतले, पाण्याजवळचा एक तुकडा खणून पेरला, आणि पुढे भेटीस येणाऱ्यांना त्या खडतर वाटेनंतर काही विसावा मिळावा म्हणून भाजीपालाही लावला. आपला भार कोणावर पडू नये आणि दाराशी आलेला श्रांत मनुष्य विन्मुख जाऊ नये, या दोन चिंतांच्या पोटी तो मळा जन्मला, आणि त्याचे सौंदर्य या चिंतांपासून वेगळे काढता येत नाही.

सिनाई पर्वताच्या पायथ्याशी, सुमारे 1500 मीटर उंचीवर, जस्टिनियन बादशहाने सहाव्या शतकात तटबंदी घालून बांधविलेल्या मठाची, म्हणजे आज संत कॅथरिनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मठाची, बाग मला याच परंपरेतील वाटते. तट उभा राहण्याच्या कितीतरी आधी, चौथ्या शतकाच्या अखेरीस तेथे आलेल्या एजेरिया नावाच्या यात्रेकरू स्त्रीने, ज्या जळत्या झुडपात मोशेला देवदर्शन झाले असे मानतात त्या झुडपापाशी रम्य बाग आणि मुबलक गोड पाणी असल्याचे लिहून ठेवले आहे. भोवती उघडेबोडके, तांबूस ग्रॅनाइटचे कडे. त्यांवर पडणारा तुटपुंजा पाऊस आणि हिवाळ्यात क्वचित पडणारे बर्फ भेगांतून झिरपत दरीच्या तळाशी उतरते, आणि विहिरीतील त्या पाण्याचा जमाखर्च सांभाळूनच जैतून, बदाम, जर्दाळू, डाळिंब आणि उंच सरू वाढतात. मठाचा दरवाजा चिणून टाकून येणाऱ्या-जाणाऱ्यांना दोराने वर ओढून घ्यावे लागे, अशा धास्तीच्या शतकांतही तटाबाहेरची ही बाग साधूंनी सोडली नाही. ते भुयारातून तेथे जात असत. मठाच्या चाकरीसाठी आणि संरक्षणासाठी जस्टिनियनने वसविलेल्या लोकांचे वंशज म्हणविणारे जबेलिया बेदुईन आज इस्लामधर्मीय आहेत, आणि आसपासच्या दऱ्यांत त्यांच्याही फळबागा आहेत.

येथील शांततेविषयी पुष्कळ लिहिले जाते, जणू ती झाडांच्या सावलीत पडून असते आणि येईल त्याने उचलावी! याच पर्वतावर तप केलेल्या योहान क्लिमाकसने साधनेच्या शिडीला तीस पायऱ्या कल्पिल्या, त्यांत आज्ञापालन चौथे आणि निःस्तब्धता सत्ताविसावी आहे. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. पाणी शेंदणे, अळी करणे, दुसऱ्याच्या सांगण्यावरून तेच काम उद्या पुन्हा करणे, हे सगळे ज्याने वर्षानुवर्षे केले त्याच्या अंतःकरणात जी शांतता मुरते, तीच आपल्याला त्या बागेत जाणवते आणि आपण तिचे श्रेय झाडांना देतो.

त्या बागेतच मठाचे अस्थिगृह आहे. खडकाळ मुलखात थडग्यांपुरतीही माती मिळणे कठीण, म्हणून मोजक्याच कबरी आलटून पालटून वापरतात. काही वर्षांनी अस्थी काढून पूर्वसूरींच्या अस्थींशेजारी रचून ठेवतात. सहाव्या शतकातील स्टेफानोस नावाचा साधू, जो डोंगरावर चढणाऱ्यांचे पापनिवेदन ऐकून मगच त्यांना वर जाऊ देत असे, त्याचा सांगाडा तेथे वस्त्रे लेवून आजही बसलेला आहे. आणि दाराबाहेर हिवाळा सरता सरता बदामाला बहर येतो.