बरे होण्याची वाट पाहताना



मिस्सामध्ये श्रद्धावंतांच्या प्रार्थनेच्या वेळी आपण आजाऱ्यांची नावे घेतो. काही नावे पुढे यादीतून निघतात, कारण ती माणसे बरी होऊन पुन्हा बाकावर येऊन बसतात. काही निघतात, कारण ती माणसे प्रभूघरी जातात. आणि काही नावे महिनोन्महिने तशीच राहतात. अशा घरी आपण भेटायला जातो, चहा घेतो आणि उठताना म्हणतो, "देवाची मर्जी." हे शब्द आपण नेमके कशासाठी वापरतो?

पुष्कळदा पुढचे बोलणे टाळण्यासाठी. प्रभू येशूने गेथशेमनीच्या बागेत स्वतःला बापाच्या इच्छेवर सोपवले, पण त्याआधी तो व्याकूळ झाला, त्याला घाम फुटला, आणि हा प्याला टळावा असे त्याने बापाला सरळ मागितले. आधी मागणे, मग स्वाधीन होणे. मागायचेच सोडून दिले तर तो विश्वास नव्हे, थकवा आहे.

आणि तो प्याला टळला नाही. पुत्राचा विश्वास कमी पडला, असे म्हणायची कुणाची छाती आहे? संत पौलानेही आपल्या देहातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली, काटा राहिला. मग खाटेवरच्या माणसाला "विश्वास वाढवा, म्हणजे बरे व्हाल" असे आपण कोणत्या तोंडाने सांगतो? आधीच दुखण्याने खचलेल्या जिवावर आणखी अपराधाचे ओझे कशाला?

लूर्दमातेवर आपली भक्ती आहे. फ्रान्समधील लूर्द येथे १८५८ साली पवित्र मरियेने बर्नादेतला दर्शन दिले, तेथे झरा लागला, आणि तेव्हापासून लाखो आजारी तिकडे जात आले. डॉक्टरांच्या कसून तपासणीनंतर ख्रिस्तसभेने आजवर ७२ जणांचे बरे होणे चमत्कार म्हणून मान्य केले आहे. बाकीचे बहुतेक जण आजार घेऊनच परतले. खुद्द बर्नादेतला दम्याने सोडले नाही. पुढे हाडांचा क्षय झाला आणि १८७९ मध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी ती गेली. ख्रिस्तसभेने १९३३ साली तिला संतपद दिले.

इतक्या दूर कशाला? मराठी वाचकांना 'सुबोध बायबल' देणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये आपल्या शेजारच्या उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. प्रकृती साथ देत नसतानाही ते आले होते. आंधळ्या-पांगळ्यांना प्रभूने बरे केल्याच्या कथा ज्या हाताने सोप्या मराठीत उतरल्या, त्यांनाही दीर्घ आजार चुकला नाही. २५ जुलै २०२४ रोजी ते देवाघरी गेले.

आता आपल्या जिल्ह्यातली गोष्ट. ऊसतोडीला गेलेली बाई पोटात दुखते म्हणून कोयता खाली ठेवत नाही. उचल घेतलेली असते, खाडा पडला तर पैसे कापले जातात. "हंगाम संपू दे, मग दाखवू." अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात ती पोचेपर्यंत दुखणे हाताबाहेर गेलेले असते, आणि मयतीला आपण म्हणतो, देवाची मर्जी! ही मर्जी देवाची नव्हे, उचलीची आणि खाड्याची. देवावर असा आळ घेऊ नये. सिराखच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय घरी काढून वाचावा: आजाऱ्याने प्रार्थना करावी आणि वैद्यालाही बोलवावे, कारण वैद्यही देवानेच नेमला आहे, असे तिथे सांगितले आहे.

आणखी एक. फादर पवित्र तेल घेऊन आले म्हणजे सगळे संपले, या भीतीने कित्येक घरे शेवटच्या घटकेपर्यंत निरोपच पाठवत नाहीत. हा संस्कार केवळ मरणाऱ्यांचा नाही. पोप पौल सहावे यांनी १९७२ साली त्याचा विधी नव्याने घालून दिला, त्यालाही आता पन्नासहून अधिक वर्षे झाली. गंभीर आजारात, मोठ्या ऑपरेशनच्या आधी, वार्धक्याने थकलेल्यांना तो घेता येतो. दुखणे वाढले तर पुन्हाही घेता येतो. त्यात आपण बरे होणेही मागतो आणि सोसायचे बळही.

म्हणून ऑपरेशनची तारीख ठरली की फादरांना कळवावे. हंगामाला निघण्याआधी, मागे घरी राहणाऱ्या आजारी आई-वडिलांची नावेही देऊन जावे, म्हणजे त्यांना ख्रिस्तप्रसाद घरपोच नेता येईल.