कोणाला काय सांगायचं

घाटंजीतल्या एका घरात सहा वर्षांचा मुलगा होता. तो बोलत नसे, हाकेला वळत नसे, कुकरची शिट्टी झाली की कान दाबून किंचाळे. आजीनं सगळ्यांना बजावलं होतं, "कोणाले सांगू नोको. घरात पोरीचं लगन व्हाचं हाये." पाहुणे आले की मुलगा मागच्या खोलीत जाई. आजीची भीती खोटी नव्हती. सोयरिकी अशा कुजबुजीवर मोडतातच.

मामा मायाळू होता. भाचा एकदा जमिनीवर डोकं आपटत असताना त्यानं मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि 'कोणाला इलाज माहीत असेल तर सांगा' असं लिहून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. बाजाराच्या दिवसापर्यंत तो व्हिडिओ अनोळखी माणसांच्या हातात होता. उत्तरं आली ती गंड्यादोऱ्यांची. आईनं खिडक्याही लावून घेतल्या.

एका दुपारी दाराची कडी उघडी राहिली. तासाभरानं मुलगा जिनिंगच्या फाटकाशी सापडला, कापसाच्या गाड्यांची चाकं बघत उभा. शेजारच्या काकू त्याच्या मागूनच गेल्या होत्या. "पाठमोरा होता. हाक मारली, वळला नाही. मले वाटलं दुसऱ्याचं लेकरू हाये."

त्याचं डोकं आपटणं साऱ्या गावानं पाहिलं होतं. तो हाकेला वळत नाही, एवढं मात्र शेजारणीला ठाऊक नव्हतं.

आई त्याला यवतमाळला घेऊन गेली. डॉक्टरांपुढे तिनं काहीच झाकलं नाही: झोप, चावणं, शी-शू, स्वतःचा संताप. डॉक्टरांनी सांगितलं, ही स्वमग्नता आहे. स्वमग्नतेवरचा गाजलेला निबंध 1943 साली लिओ कॅनर या डॉक्टरनं लिहिला, 11 मुलांवर. त्यातल्या पहिल्या मुलाच्या वडिलांनी कॅनरला 33 पानी पत्र पाठवलं होतं. निबंधात मात्र तो मुलगा फक्त 'डोनाल्ड टी.' पुढे पत्रकार त्याच्या गावी पोचले, तेव्हा गावकऱ्यांनीच त्यांना दम भरला की त्याला त्रास झाला तर गाठ आमच्याशी आहे. गावाला तो माहीत होता, म्हणून गाव त्याला जपू शकलं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

परतल्यावर आई काकूंकडे, ऑटोवाल्याकडे, शाळेत गेली. सगळ्यांना तेवढंच सांगितलं: हाक मारू नका, मागून धरू नका, समोर येऊन हात पुढे करा. बाकी काही नाही. 2016 च्या कायद्यानं स्वमग्नता दिव्यांगत्वात धरली आहे, म्हणून तिनं प्रमाणपत्रासाठी अर्ज केला. ते कोणाला दाखवायचं, हे मात्र तिनं आपल्या हाती ठेवलं. मामानं एकेकाला फोन करून व्हिडिओ पुसायला लावला. सगळ्यांनी पुसला असेलच असं नाही. जिचं लग्न व्हायचं होतं त्या आत्यानं मुलाकडच्यांना स्वतःच सांगितलं. एक स्थळ गेलं, दुसरं टिकलं.

पुढे पारव्याहून एक बाई मुलीला घेऊन आली. आईनं तिला दवाखान्याचा पत्ता दिला, अर्जाला आधार कार्ड आणि फोटो लागतो हे सांगितलं, दात घासायला शिकवण्यासाठी भिंतीवर लावलेली चित्रं दाखवली.

"तुमच्या पोराचा व्हिडिओ पाह्यला होता जी. अजून आपटते का तो डोकं?"

"ते त्याच्या डॉक्टरले सांगते मी, बाई," आई म्हणाली, आणि उठून दार लावून आली. "आता तुमच्या पोरीचं सांगा. रात्री झोपते का?"