स्वयंचालित मोटारीची वेगमर्यादा आणि कर्त्याचा प्रश्न

मोटार वाहन अधिनियम, 1988 याच्या कलम 112 अन्वये केंद्र सरकारने 6 एप्रिल 2018 रोजी काढलेल्या अधिसूचनेत मोटारगाडीसाठी रस्त्यांच्या प्रकारांनुसार कमाल वेग ठरवून दिले आहेत. द्रुतगती मार्गावर ताशी 120 किलोमीटर, दुभाजक असलेल्या चौपदरी किंवा त्याहून रुंद रस्त्यावर 100, नगरपालिकेच्या हद्दीतील रस्त्यावर 70 आणि इतर रस्त्यांवर 70 असे हे वेग आहेत. मालवाहू वाहनांसाठी हेच आकडे अनुक्रमे 80, 80, 60 आणि 60 असे खाली येतात, आणि राज्य सरकारला याहून कमी मर्यादा घालण्याची मुभा आहे. तक्ता म्हणून हे वाचायला सोपे असले, तरी रायपूर शहराच्या उत्तरेकडील भनपुरीसारख्या ठिकाणी तो प्रत्यक्ष रस्त्याला लावू गेल्यास पहिलीच अडचण उभी राहते. कारण बिलासपूरकडे जाणारा तेथील जुना महामार्ग दुभाजकाचा, रुंद आणि त्याच वेळी शहराच्या हद्दीतला असल्याने दोन रकान्यांत एकदम बसतो. एक रकाना शंभर म्हणतो, दुसरा सत्तर, आणि दोन्हीही त्याच डांबरावर लागू होतात.

अशा पेचाचा विचार पूर्वमीमांसेने, म्हणजे वेदवाक्यांच्या अर्थनिर्णयाचे नियम मांडणाऱ्या दर्शनाने, फार पूर्वी केला होता. सामान्य नियम आणि विशेष नियम एकाच जागी आले तर विशेषाने सामान्याचा बाध होतो, म्हणजे सामान्य नियम तेवढ्यापुरता मागे सरतो, असा तेथील दंडक आहे. परंतु भनपुरीच्या रस्त्यावर दुभाजक विशेष मानावा की पालिकेची हद्द, हे त्या दंडकातून निघत नाही. नियमाचा हेतू काय, हे पाहणाऱ्यालाच ते ठरवता येते, आणि वस्तीतून जाणाऱ्या रस्त्यावर माणसे आडवी येतात हे ज्याला ठाऊक आहे तो सत्तरच्या बाजूने कौल देतो. मानवी चालक हा निर्णय बहुधा नकळत घेतो. स्वयंचालित मोटारीला, म्हणजे ज्या गाडीत सुकाणू, वेग आणि ब्रेक यांचा ताबा संगणकप्रणालीकडे असतो अशा मोटारीला, तो आधीच लिहून द्यावा लागतो. तिला मर्यादा कळण्याचे मार्ग मुख्यतः दोन आहेत : साठवलेल्या नकाशात प्रत्येक रस्त्याच्या तुकड्यापुढे नोंदलेला आकडा, आणि कॅमेऱ्याने वाचलेली रस्त्याकडेची पाटी. दोन्ही मार्ग चुकू शकतात. 2020 मध्ये मॅकॅफी या कंपनीच्या संशोधकांनी ताशी 35 मैलांच्या पाटीवर काळ्या चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावला, तेव्हा 2016 सालच्या टेस्ला गाडीतील कॅमेऱ्याने तो आकडा 85 असा वाचला आणि गाडीने त्यानुसार वेग वाढवण्यास सुरुवात केली. भनपुरीजवळच्या सिलतरा आणि उरला येथील स्पंज आयर्नच्या कारखान्यांची काळी धूळ ज्या परिसरावर बसते तेथे असा प्रसंग येण्यासाठी संशोधकांची गरज पडू नये.

तरीही आकडा कळणे हा या विषयातला सोपा भाग आहे. मीमांसक विधी आणि निषेध असा भेद करतात. विधी म्हणजे अमुक कर असे सांगणारे वाक्य, निषेध म्हणजे अमुक करू नको असे सांगणारे. वेगमर्यादा हा निषेध आहे. सत्तरचा फलक सत्तरच्या वेगाने जा असे कधीच सांगत नाही, केवळ त्यापलीकडे जाऊ नको असे सांगतो, आणि त्याच्या आतला वेग कोणता असावा हा प्रश्न चालकावर सोडतो. कायद्याने हे ओळखलेले आहे. म्हणूनच मर्यादा ओलांडणे आणि बेदरकारपणे वाहन चालवणे हे वेगवेगळे अपराध आहेत, आणि मोटार वाहन अधिनियमाचे कलम 184 किंवा 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम 281 यांच्याखाली मर्यादेच्या आत राहूनही माणूस दोषी ठरू शकतो. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मृत्यू पावली आणि सरकारी अहवालाने त्यांपैकी सुमारे 71 टक्के मृत्यू अतिवेगाच्या रकान्यात घातले. पण फलकावरील आकडा किती जणांनी ओलांडला होता आणि आकड्याच्या आत राहूनही त्या जागेला, त्या वेळेला न शोभणारा वेग किती जणांनी ठेवला होता, हे त्या रकान्यातून उमगत नाही. कारखान्याची पाळी सुटून सायकलींचा लोंढा रस्त्यावर येतो तेव्हा ताशी सत्तरचा वेग कायदेशीर आकडा असूनही अधर्म्य असतो. मर्यादेलाच लक्ष्य समजणारी प्रणाली, आणि अनेक प्रणाली मोकळा रस्ता दिसताच नेमके तेच करतात, निषेधाला विधी मानण्याची चूक करते.

यंत्राने मर्यादा पाळण्याचा एक जुना प्रयोग भनपुरीच्या परिसरात रोज पाहावयास मिळतो, कारण येथून लोखंड, कोळसा आणि लाकूड वाहणारे ट्रक देशभर जातात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 118 अन्वये परिवहन वाहनांना वेगनियंत्रक, म्हणजे वाहतूकदार ज्याला गव्हर्नर म्हणतात ते उपकरण, लावणे आवश्यक आहे. ठरलेल्या वेगाला पोहोचताच ते इंजिनाला मिळणाऱ्या इंधनावर अंकुश ठेवते. हा वेग सर्वसाधारणपणे 80 असून डंपर, टँकर आणि शालेय बस यांसाठी तो 60 आहे. गव्हर्नरला रस्ता ठाऊक नसतो. अमरावतीच्या पुढचा मोकळा महामार्ग असो वा भनपुरीचा चौक, त्याच्या लेखी दोन्हीकडे ऐंशी म्हणजे ऐंशीच. ज्या चालकाची गाडी गव्हर्नरमुळे ऐंशीच्या वर गेलीच नाही त्याने संयम पाळला असे कोणी म्हणणार नाही. त्याला रोखण्यात आले, एवढेच म्हणता येईल. प्रतिबंध आणि संयम यांत बाहेरून पाहता काही अंतर नाही, दोन्हीत गाडीचा काटा एकाच आकड्यावर थांबतो, पण संयमात ओलांडण्याची शक्ती हाती असूनही न ओलांडण्याचा निश्चय असतो.

स्वयंचालित मोटारीचे निर्माते या गव्हर्नरपेक्षा अधिक काही देण्याचा दावा करतात : रस्ता पाहून, गर्दी पाहून, योग्य वेग निवडणे. हा दावा करताच नियमाला अपवाद करण्याचा प्रश्न समोर येतो. 2014 मध्ये गूगलच्या स्वयंचालित मोटारीच्या प्रकल्पातील प्रमुख अभियंत्याने सांगितले होते की, आजूबाजूची वाहने मर्यादेहून वेगाने जात असतील तर त्यांची मोटार ताशी दहा मैलांपर्यंत मर्यादा ओलांडू शकेल, कारण प्रवाहापेक्षा मागे राहणे अधिक धोक्याचे आहे. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर 2015 मध्ये, कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथे पोलिसाने त्याच कंपनीची एक मोटार थांबवली, ती 35 मैलांच्या रस्त्यावर 24 मैलांनी रेंगाळत असल्याच्या कारणावरून. फेब्रुवारी 2022 मध्ये टेस्लाला सुमारे 54 हजार गाड्यांची प्रणाली दुरुस्त करावी लागली, कारण ती थांबा-फलकापाशी पूर्ण न थांबता हळूहळू पुढे सरकत असे. माणसे तसेच करतात, म्हणून यंत्रालाही तसे करू दिले गेले होते.

प्रवाहाचा युक्तिवाद अमेरिकेतील महामार्गावर काही अंशी पटण्यासारखा आहे, कारण तेथे सर्व वाहने जवळपास एकाच वेगाने धावतात. भनपुरीच्या रस्त्यावर प्रवाह म्हणून दाखवता येईल अशी एकच वस्तू सापडत नाही. भरलेला ट्रेलर, रिकामा परतणारा ट्रक, ई-रिक्षा, सायकलवरून घरी निघालेला मजूर, दुभाजकावर बसलेली गाय, यांच्यात वेगाचे अंतर मुळातच इतके आहे की शंभरने जाणाऱ्या मोटारींशी सुसंगत राहणे म्हणजे सायकलस्वाराशी विसंगत होणे. ज्यांच्याशी जुळवून घ्यायचे त्यांची निवड करताना अभियंत्याने दुर्बळाऐवजी बलवानाची बाजू घेतलेली असते, आणि सुरक्षिततेच्या नावाने दिलेल्या सवलतीत हा पक्षपात सहज लपतो.

नियम केव्हा मोडावा, हा प्रश्न मराठी वाचकाला लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्या’तून परिचित आहे. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला आणि 1915 साली प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ हिंदीत आणला तो माधवराव सप्रे यांनी. ज्यांच्या आयुष्याचा बराच काळ छत्तीसगडात गेला आणि ज्यांनी समर्थांचा ‘दासबोध’ही हिंदी वाचकाला दिला त्या सप्र्यांचे निधन 1926 साली रायपुरातच झाले, तेव्हा या प्रश्नाचा भनपुरीशी संबंध अगदीच ओढूनताणून आणलेला नाही. ग्रंथाच्या कर्मजिज्ञासा या प्रकरणात टिळक अहिंसा, सत्य, अस्तेय अशा सर्वमान्य नियमांनाही अपवाद कसे करावे लागतात ते दाखवतात. महाभारताच्या कर्णपर्वातील कौशिक ब्राह्मण याचे ठळक उदाहरण आहे : खरे बोलण्याच्या व्रताला चिकटून त्याने लपलेल्या माणसांचा ठावठिकाणा दरोडेखोरांना सांगितला आणि त्या सत्यानेच तो नरकात गेला. आकड्याला चिकटून राहणारी मोटार कौशिकाच्या वाटेने जाते, असा आक्षेप येथे सहज सुचेल, आणि तो काही प्रमाणात खरा आहे; मरणासन्न रुग्णाला रायपूरच्या आंबेडकर रुग्णालयात पोहोचवायचे असताना रिकाम्या रस्त्यावर सत्तरवरच अडून बसणारे यंत्र कोणाला धार्मिक वाटणार नाही.

परंतु टिळकांच्या विवेचनात अपवाद कोणीही, कधीही करावा असे नाही. कृत्याची योग्यता ते कर्त्याच्या बुद्धीवर बसवतात, आणि अपवादाचा अधिकार ज्याची बुद्धी सम झाली आहे, म्हणजे ज्याला स्वतःचा लाभ आणि दुसऱ्याची हानी एकाच तराजूत तोलता येते, त्याला देतात. याला धर्मशास्त्रातील आणखी एक अट जोडावी लागते. आपद्धर्माने, म्हणजे संकटकाळापुरत्या सैल केलेल्या नियमाने, वागलेला मनुष्य नंतर प्रायश्चित्त घेतो. आपण नियम मोडला हे तो कबूल करतो आणि त्याचा भार वाहतो. रुग्णासाठी वेग वाढवणारा चालक दंडाधिकाऱ्यापुढे उभा राहून कारण सांगू शकतो, आणि त्याचे कारण न पटल्यास शिक्षा भोगू शकतो. मोटार यांतले काहीच करू शकत नाही. प्राभाकर मीमांसक ज्याला नियोज्य म्हणतात, म्हणजे हे कर्तव्य माझे आहे असे ज्याला उमगते तो, ती नाही. ती करण आहे, साधन आहे. तेव्हा यंत्राने मर्यादा कधीही ओलांडू नये, दहा मैलांनीही नव्हे आणि पाच टक्क्यांनीही नव्हे, आणि अपवाद करायचाच असेल तर तो गाडीतील माणसाने ताबा स्वतःकडे घेऊन करावा, ही भूमिका अधिक सुसंगत ठरते. युरोपीय संघाने जुलै 2024 पासून सर्व नव्या मोटारींत सक्तीची केलेली वेगसाहाय्य प्रणाली जवळपास याच तत्त्वावर बेतलेली आहे : ती मर्यादा ओळखते, चालकाला सावध करते, पण तिला बाजूला सारण्याचा अधिकार चालकाकडे ठेवते.

मग यंत्राने निवडलेल्या वेगाचा कर्ता कोण? चौकात प्रत्यक्ष निर्णय होतो त्या क्षणी तेथे कोणीच निर्णय घेत नसते. तो काही महिने आधी, दुसऱ्या शहरात, भनपुरी कधी न पाहिलेल्या माणसाने प्रणालीत लिहिलेला असतो. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात रथाच्या अपघाताविषयी जी व्यवस्था आहे ती या संदर्भात लक्षणीय वाटते. ज्या ग्रंथाचे 25 डिसेंबर 1927 रोजी महाड येथे दहन झाले आणि जे होणे योग्यच होते, त्यातील या व्यवहारभागाकडे पुरावा म्हणून पाहण्यास हरकत नसावी. वेसण तुटणे, जू मोडणे, आस किंवा चाक मोडणे, लगाम तुटणे आणि सारथ्याने बाजूला व्हा असे ओरडून सांगितलेले असणे, अशा दहा प्रसंगी तेथे दंड नाही. सारथी अकुशल असल्याने अनर्थ झाला तर मालकाला दोनशे पण दंड. सारथी कुशल असेल तर दंड त्यालाच. आणि अकुशल सारथ्याच्या रथात जे बसले त्यांनाही प्रत्येकी शंभर पण. कौशल्याची पारख करणे हे मालकाचे, आणि काही अंशी प्रवाशाचेही, कर्तव्य मानलेले आहे.

ब्रिटनच्या 2024 च्या स्वयंचालित वाहन कायद्याने हाच क्रम नव्या पद्धतीने लावला आहे : गाडी स्वतः चालत असताना तिच्या चालण्याबद्दल परवानगी मिळालेली कंपनी उत्तरदायी असते आणि आत बसलेल्या माणसाला त्या काळापुरते संरक्षण मिळते. भारतात मात्र केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री या नात्याने नितीन गडकरी यांनी चालकांच्या रोजगाराचे कारण देऊन विनाचालक मोटारींना परवानगी नाकारण्याची भूमिका 2017 मध्ये आणि पुन्हा डिसेंबर 2023 मध्ये नागपुरात मांडली. ट्रान्सपोर्ट नगरांत ज्यांची पोटे ट्रकच्या चाकांवर चालतात त्यांच्या दृष्टीने ती रास्तच आहे, पण तिने कर्त्याचा प्रश्न पुढे ढकलला जातो, इतकेच. कारण पुढच्या वाहनाचे अंतर राखत स्वतः वेग कमीजास्त करणाऱ्या, फलक वाचणाऱ्या अर्धस्वयंचालित मोटारी देशातील रस्त्यांवर आधीच धावत आहेत, आणि अशी मोटार बिलासपूर रस्त्यावर शंभर आणि सत्तर यांतील चुकीचा रकाना निवडते तेव्हा दंडाची पावती चाकामागे बसलेल्या माणसाच्याच नावाने फाटते.