नातू करून देतो

नोव्हेंबर उजाडला की पेन्शनरांची लगबग सुरू होते. आपण हयात आहोत, हे सरकारला कळवायचं असतं. २०१४ पासून हा दाखला ‘जीवन प्रमाण’ या डिजिटल रूपातही देता येतो. यंत्रावर बोट टेकवायचं, आधारशी ठसा जुळला की काम झालं. पण वय वाढतं तशी त्वचा कोरडी पडते, बोटांवरच्या रेषा पुसट होतात. जन्मभर भांडी घासलेल्या आणि विटा वाहिलेल्या हातांवर तर त्या आधीच झिजलेल्या असतात. माणूस समोर बसलेला आणि यंत्राचं म्हणणं, ओळख पटत नाही! २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय झाली, तेव्हा पुष्कळांची सुटका झाली.

मात्र चेहराही सगळ्यांचा सारखा चालत नाही. बँकेच्या ऑनलाइन केवायसीत समोरचा माणूस जिवंत आहे हे ठरवायला डोळे मिचकावायला सांगतात. ॲसिड हल्ल्यात पापण्या गमावलेल्या बाईनं ते कसं करायचं? अशाच एका याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल दिला. डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सांगून न्यायालयानं वीस निर्देश दिले. डोळे मिचकावण्याला पर्याय द्या, हा त्यातला एक. ॲप आणि संकेतस्थळं तयार होत असतानाच चाचणीत अंध व्यक्तींना सामील करा, हा दुसरा. मला दुसरा जास्त मोलाचा वाटतो. पहिल्यानं एक अडथळा दूर होतो, दुसऱ्यानं अडथळे मुळात उभेच राहत नाहीत.

डिझाइनच्या टेबलाशी कोण बसतं, हा प्रश्न जुना आहे. पॅट्रिशिया मूर ही तरुण डिझायनर न्यूयॉर्कमध्ये रेमंड लोवी यांच्या संस्थेत काम करत होती. संधिवाताच्या हातांना फ्रिजचं दार उघडता येईल का, असं तिनं विचारलं, तर असल्या लोकांसाठी आपण काम करत नाही, असं उत्तर मिळालं. मग १९७९ ते १९८२ या काळात ती म्हातारीचं सोंग घेऊन अमेरिका आणि कॅनडातल्या शंभरावर शहरांत हिंडली. नजर धूसर करणारा चष्मा, कानांत बोळे, सांधे आखडतील अशा पट्ट्या. त्या अनुभवानं डिझाइनच्या जगाचे डोळे उघडले. पुढे १९९० मध्ये ‘ऑक्सो’चं जाड, मऊ मुठीचं सोलाणं बाजारात आलं. ‘ऑक्सो’चे संस्थापक सॅम फार्बर यांच्या पत्नीला संधिवातामुळे साधं सोलाणं धरवत नव्हतं, त्यातून ते सुचलं. घेतलं मात्र धडधाकट हातांनीही.

तरीही सोंगाला मर्यादा आहे. तासभर डोळ्यांवर पट्टी बांधणाऱ्याला अंधारात चाचपडण्याची भीती तेवढी कळते, वर्षानुवर्षं पांढरी काठी आणि पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरणाऱ्याचं कसब कळत नाही. म्हणून सहानुभूतीचे प्रयोग पुरेत, आता त्या माणसांनाच कामात भागीदार करा, हा आग्रह या क्षेत्रात वाढतो आहे.

आपल्याकडे यात एक खास अडचण आहे, आणि ती आपल्या चांगुलपणातून येते. आजोबांना ॲप जमत नाही? नातू करून देतो. अंध ताईला अर्ज वाचता येत नाही? शेजारची मुलगी वाचून दाखवते. कित्येक मराठी कागदपत्रं आजही जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतात. डोळ्यांना मराठी दिसतं, संगणकाच्या लेखी मात्र ती रोमन अक्षरांची खिचडी असते, आणि स्क्रीन रीडर तीच बडबडतो. स्कॅन केलेल्या कागदापुढे तर तो गप्पच बसतो. कुणीतरी वाचून दाखवतं, काम निभतं, तक्रार होत नाही. तक्रार नाही म्हणजे दोष नाही, असा हिशेब मग वर लागतो.

या मदतीची किंमत मोजावी लागते. पिन घरभर माहीत होतो, शिल्लक जावयाला कळते, औषधाची चिठ्ठी शेजारी वाचली जाते. ओटीपी दुसऱ्याला सांगायची सवय एकदा लागली की फोनवरचा गोडबोल्या ठगही मदतनीसच वाटतो. २०११ च्या जनगणनेत साठीपुढची माणसं दहा कोटींवर होती आणि अपंग व्यक्ती २.६८ कोटी. एवढ्या लोकांचा खासगीपणा घरच्यांच्या सवडीवर सोडणं हा निव्वळ हलगर्जीपणा आहे.

मदत हवीच, पण ती निवड असावी, नाइलाज नसावा. म्हणून सरकारी ॲपच्या निविदेत एक अट घालावी: सत्तरीची बाई, अंध तरुण आणि थरथरत्या हाताचा माणूस यांनी शेजारी कुणी नसताना काम पुरं करून दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता मिळणार नाही.