आधी पकड, मग जोर

या वेळी लिहायची सेवा माझ्याकडे आली आहे. विषय जरा वेगळा आहे, सांभाळून घ्या.

निश्चय कुठे संपतो आणि हट्ट कुठे सुरू होतो? हा प्रश्न मला आमच्या अंगणात पडला, तोही एका स्क्रूमुळे.

ह्यांची जुनी, जपानी बनावटीची मोटारसायकल पावसाळाभर उभीच होती. बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. परवा रविवारी मुलाने इंजिनाचं बाजूचं कव्हर उघडायला घेतलं. बाकीचे स्क्रू निघाले, शेवटचा हलेना. हा दात-ओठ खाऊन पेचकस फिरवतोय, पेचकस सटकतोय. पाच-सहा वेळा असं झाल्यावर स्क्रूची खाचच गुळगुळीत झाली.

शेजारच्या काकांचा जन्म उद्यमबागेत लेथवर गेला. ते आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "थांब बाळा. तू त्याला पकडलंच नाहीस, नुसतं घासलंस."

मग त्यांनी समजावलं. जपानी मानकाची खाच आणि फिलिप्सची खाच दिसायला सारखीच, अधिकच्या चिन्हासारखी. पण जपानी खाचेत फिलिप्सचा पेचकस तळापर्यंत बसत नाही. जोर लावला की तो वर सटकतो आणि जाताना कडा खातो. त्यात स्क्रू पोलादाचा, कव्हर ॲल्युमिनियमचं. ओलावा मिळाला की दोन्ही एकमेकांना धरून बसतात.

काकांनी खाचेतली माती टोकरून काढली, गंज सोडवायचं तेल सोडलं आणि म्हणाले, "आता उद्या." सकाळी पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवली, तेल पुसलं आणि हीट गनने कव्हर तापवलं. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून पकड ढिली होते. मग इम्पॅक्ट ड्रायव्हर खाचेत सरळ धरून वर हातोडी मारली. तिसऱ्या घावाला 'टक्' झालं.

मी चहाचा ट्रे घेऊन तशीच उभी राहिले.

तीन महिन्यांपूर्वी मुलगा पुण्यातली नोकरी सोडून घरी आला. रोज जेवताना मी विचारते, "का सोडलीस? पुढे काय?" काळजीपोटीच की! पण पहिल्या दिवशी तो थोडं तरी बोलला होता. आता नुसतं "बघू" म्हणतो. ज्या खाचेतून तो उघडला असता, तीच मी रोज घासत होते आणि वर म्हणत होते, पोरगं हट्टी झालंय.

म्हणजे जोर लावायचाच नाही का? तसं नाही. हातोडी काकांनीही मारली. आणि एवढ्यानेही निघाला नसता, तर डोकं ड्रिलने उडवून कव्हर काढायची त्यांची तयारी होती. पण ते सगळ्यात शेवटी. हट्टात जोर आधी येतो. निश्चयात आधी साफसफाई, मग वाट बघणं, मग नीट बसणारं हत्यार, आणि मग जोर. आईच्या मायेलाही ह्यातून सूट नाही.

नवा स्क्रू लावताना काकांनी आट्यांना ग्रीस लावलं आणि पहिले दोन-तीन फेरे बोटांनीच दिले. "हाताने जात नसेल तर वाकडा चाललाय समजायचं," म्हणाले.

त्या रात्री जेवताना मी काही विचारलं नाही. मुलाने अजून कारण सांगितलेलं नाही. पण काल आपणहून ओट्याशी येऊन उभा राहिला, कोथिंबीर निवडून दिली. हे लिहू का, असं त्याला विचारलं, तर म्हणाला, "लिही. पण स्क्रूबद्दल लिही."

म्हणून स्क्रूबद्दल लिहिलं.